सुग्रीवचं धुराचं मशीन

आमच्या गावात धूर कधी कुणाला मुद्दाम करावा लागला नाही. तो आपोआप व्हायचा. ओल्या पऱ्हाट्यांचा, तुराट्यांचा, गोवऱ्यांचा. बायकांनी तो जन्मभर डोळ्यांत घेतला, आणि गॅसच्या टाक्या आल्या तेव्हा मोठ्या आनंदानं चुली फोडून टाकल्या. त्यानंतर चार-पाच वर्षांतच गावातला एक बाप्या धूर तयार करायचं मशीन बनवायला बसला आणि सगळं गाव कामं सोडून ते बघायला उभं राहिलं. बघणाऱ्यांत मीही होते. नुसती बघत बसले असते तर बरं झालं असतं.

त्या बाप्याचं नाव सुग्रीव. माझ्या भिंतीला त्याची भिंत लागून. तो आणि त्याची बायको सुरेखा दर वर्षी ऊसतोडीला जायचे. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि आमचा मुकादम अर्ध्या कोयत्याला लॉरीला हातसुद्धा लावू देत नाही. दसरा झाला की लॉऱ्या लागतात, आणि गेलेली माणसं परत दिसतात ती उन्हं तापल्यावर. सुरेखाच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. अकराच्या अकरा संक्रांती तिनं परमुलखात, उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत, वाळल्या पानांच्या खोपटात, काढल्या. घर बांधलं, फरशी बसवली, सुगडं मांडायला भिंतीत देवळी करून घेतली, आणि दर वर्षी त्या सगळ्याला कुलूप लावून ती निघाली. आपल्या घरात चार बायका बोलवाव्यात, हळदीकुंकू लावावं, वाण द्यावं, एवढंच तिला करायचं होतं, आणि तेवढंच जमत नव्हतं.

त्या वर्षी पोळा झाल्यावर ती माझ्या ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. सुग्रीव समोर शेळीला पाला टाकत होता. ती माझ्याकडं बघत पण त्याला ऐकू जाईल अशी म्हणाली, "माय, औंदाची संक्रांत मी माझ्या घरात करनार. कुनाला जायाचं त्यानं जावं."

सुग्रीवनं पाला टाकला आणि वर बघितलंच नाही. आपण बायकोला भीत नाही असं हा माणूस गावभर सांगायचा, त्यावरून किती भीत असेल ते समजून घ्या.

आता घरी राहायचं तर काम पाहिजे. ते त्याला तेलगावच्या रस्त्यावर, फाट्यावरच्या हॉटेलात सापडलं. हॉटेल मोहनरावांचं. मोहनराव मागं लेकीकडं पुण्याला गेलते. तिथं जावयानं त्यांना मोठ्या हॉटेलात नेलं, आणि त्यांच्यापुढं काचेच्या झाकणाखाली धूर कोंडलेला मासा आला. वाढप्यानं झाकण उचललं, धूर निघून गेला, मासा राहिला. एवढ्यावर मोहनराव खुळे होऊन परत आले. माजलगावचं धरण आपल्या उशाला, मासा आपला, धूर आपला, आणि नाव पुण्याचं, हे त्यांना सहन होईना. त्यांनी सुग्रीवला मोबाइलवर एक गोरा माणूस दाखवला. तो आपल्या अंगणात एक डबा, एक नळी आणि काचपेटीतल्या रंगीत माशांना हवा देणारा छोटा पंप घेऊन धूर काढत होता. मोहनराव म्हणाले, असं मशीन कर, मासा धुरवून दे, मी बारा महिने तुझा माल घेतो. दसऱ्यानंतर चार मोठी माणसं बोलावतो, त्यांच्या तोंडी लागला की काम पक्कं.

सुग्रीवला लोखंडाची जाण होती, हे मान्य करायला पाहिजे. पण जाण असलेल्या माणसानं गप्प काम करावं. तो हॉटेलातून निघाला तो थेट पारावर गेला आणि यापुढं कोयत्याला हात लावणार नाही असं सगळ्यांदेखत सांगून बसला. पारावर शिवशंकर मुकादम होता. तोडीच्या माणसांनी लॉऱ्या भरायचं काम त्याचंच. दुसऱ्या दिवसापासून तो रोज सकाळी सुग्रीवच्या अंगणात येऊन बसायला लागला. मशीन बिघडावं म्हणून देवाला नवस न बोलता नुसतं बसून राहायचं, एवढी त्याला सुग्रीवची खात्री होती.

मशीन म्हणजे काही रॉकेट नव्हतं. डब्यात लाकडाचा भुसा दाबून भरायचा, खालच्या भोकातून तो पेटवायचा, पण ज्वाळ उठू द्यायची नाही, नुसता धुमसत ठेवायचा. डब्याच्या तोंडाशी आडवी नळी. नळीत एका बाजूनं पंपाची हवा सोडायची. ती हवा जाता जाता डब्यातला धूर ओढून घेते आणि दुसऱ्या बाजूनं मोठ्या पेटीत नेऊन सोडते. पेटीत मीठ-हळद लावलेला मासा तारेला टांगलेला. धूर खाऊन झाला की तो तव्यावर भाजायचा. झालं. आम्ही बायकांनी फुंकणी घेऊन हेच केलं, तेव्हा गावातलं काळं कुत्रं बघायला आलं नाही.

पहिल्या दिवशी सुग्रीवनं डबा म्हणून फवारणीचा जुना पंप काढला. त्याच्यात दहा वर्षं कापसावरचं औषध भरलेलं. सुरेखानं तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि विचारलं, मोहनरावाला मासा खाऊ घालायचाय का त्याच्या तेराव्याचं जेवायचंय. मग तिनं आपला पिठाचा स्टीलचा डबा दिला. पेटी म्हणून माहेराहून आलेली पत्र्याची धान्याची कोठी दिली. मासे टांगायला तिच्याच कपडे वाळत घालायच्या तारेचे तुकडे केले. मशीनला लागलेली एकूणएक वस्तू सुरेखाची होती, मशीनचं नाव तेवढं सुग्रीवचं.

आमच्याकडं काहीही जोडायचं म्हटलं की बाप्यांचा हात आधी ठिबकच्या सामानाकडं जातो. सुग्रीवनं डब्यावर ठिबकची प्लॅस्टिकची नळी आणि तोटी बसवली. भुसा पेटला, धूर निघाला, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि थोड्या वेळानं नळी मेणबत्तीसारखी वाकून माशावर गळायला लागली. मुकादमानं तंबाखू मळत विचारलं की मासा काळा होतोय तो धुरानं का नळीनं. सुग्रीव माजलगावला जाऊन लोखंडी नळी घेऊन आला.

मग भुसा पेट घ्यायला लागला. कोठीतून ज्वाळ निघाली तेव्हा गल्लीतल्या पोरांनी टाळ्या पिटल्या. भुसा ओला केला तर विझायला लागला. मधेच लाइट जायची, पंप बंद पडायचा, आणि कोठीत जायचा धूर मागं फिरून गल्लीत पसरायचा. मग नळीत काळं पाणी साचून माशावर ठिबकायला लागलं. तो मासा चाखून बघितला तर चिलमीचं पाणी प्यायल्यासारखं तोंड झालं. पारावरच्या प्रत्येकाकडं उपाय होता. कुणी म्हणे नळी तिरपी धर, कुणी म्हणे उभी धर, कुणी म्हणे पंप उलटा लाव. एकानं सांगितलं की हे सगळं सोड आणि मासा स्वतः बिडी ओढणाऱ्याच्या तोंडापुढं धर. सुग्रीव सगळ्यांचं ऐकायचा. सरपण कोणतं घालावं, हे त्यानं सुताराला विचारलं, पारावर विचारलं, मुकादमालासुद्धा विचारलं. नळी तिरपी केल्यावर आणि मधे एक बाटली अडकवून काळं पाणी तिच्यात उतरवल्यावर मशीन एकदाचं नीट चालायला लागलं. बारीक, पांढरा, एकसारखा धूर. बघत राहावा असा. खोटं कशाला बोलू, मलाही कौतुक वाटलं.

अडचण एकच उरली. सुतारानं दिलेला भुसा कडुनिंबाचा होता. आमच्याकडं तिन्हीसांजेला गोठ्यात माशा-डास उठवायला निंबाच्या पाल्याची धुरी करतात. त्यामुळं तो मासा कितीही खारा असो, तोंडात घातला की आपण म्हशीच्या शेपटामागं उभे आहोत असं वाटायचं. बामणाला शेण खायला घातल्यासारखं तोंड करून सुग्रीव माझ्याकडं आला. म्हणाला, "माय, वास जाईना. तुझ्याकडं काय हाय का?"

माझ्याकडं असणारच. मी पन्नास वर्षं सुईणपण केलेलं. अर्धं गाव माझ्या हातावर जन्माला आलं, सुग्रीवसकट. बाळंतिणीच्या खोलीतले वास कसले असतात ते सांगत बसत नाही, पण ते घालवायची धुरी माझ्याइतकी कुणाला येत नव्हती. ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाच्या साली. माझी पुरचुंडी मी त्याच्या हातावर ठेवली आणि मोठ्या रुबाबात सांगितलं की भुशात मूठभर मिसळ, म्हशीचा वास काय, म्हैस निघून जाईल.

तसंच झालं. निंबाचा वास गेला. सुग्रीवनं चाखला, सुरेखानं चाखला, मी चाखला, गल्लीनं चाखला. सगळे म्हणाले झकास. एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. तीन आठवडे रोज सकाळपासून त्या धुरात उभं राहून आख्ख्या गल्लीची नाकं मेली होती. दूध करपलेलं कळत नव्हतं, तिथं माशाचं काय कळणार. आणि माझं नाक तर पन्नास वर्षांपूर्वीच गेलेलं. मला तो वास वास वाटतच नाही. आपलं काम चालू आहे, एवढंच वाटतं.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी मोहनरावांनी माजलगावच्या मोंढ्यातले आठ आडते जेवायला बोलावले. सुग्रीव नवा सदरा घालून गेला. धुरीची मालकीण म्हणून मलाही नेलं. मी आणि सुरेखा भटारखान्याच्या दारात उभ्या राहिलो. मोहनरावांनी पुण्याहून काचेचं झाकण मागवलं होतं. सुग्रीवनं मशीन हॉटेलाच्या मागं लावून नळीनं त्या झाकणात धूर भरला. वाढप्यानं ताट टेबलावर नेऊन ठेवलं, मोहनरावांनी स्वतः झाकण उचललं, आणि धूर आडत्यांच्या तोंडावरून वर गेला.

आडते पहिल्यांदा हसले. मग एकेकानं तुकडा तोंडात घातला. एकाचं चावणं थांबलं. दुसऱ्यानं तुकडा नाकाशी धरला आणि शेजाऱ्याकडं बघितलं. त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा होता, त्यानं पाणी पिऊन अगदी अदबीनं विचारलं, "मोहनराव, घरात कोन बाळंत झालं?"

मग काय विचारता. एक म्हणाला माझी सून परवाच बाळंत झाली, तिच्या खोलीच्या वासाला कंटाळून तर मी इथं जेवायला आलो. दुसरा उठून हात धुऊन आला, बाळाला घ्यायच्या आधी धुतात तसे, कोपरापर्यंत. एकानं टोपडं आणायला पाहिजे होतं असं म्हटलं. एका जाड आडत्यानं तुकडा ताटाच्या कडेला सरकवला आणि आपल्याला एकदम आईची आठवण आली असं काहीतरी तो पुटपुटला. मासा मग कुणालाच जाईना. आपण लंगोटात होतो तेव्हाचा वास घेत रस्स्याबरोबर मासा खाणं, हे आडत्यांच्यानंसुद्धा होत नाही.

मोहनराव मागच्या दारी आले. त्यांचा आवाज चढला नाही, ते जास्त वाईट. म्हणाले, "सुग्रीव, माझं हॉटेल हाय बे. बाळंतिनीची खोली न्हाई. उचल तुझा डबा."

सुग्रीवनं माझ्याकडं बोट केलं. "मायनं दिलतं."

हा जन्मला तेव्हा रडत नव्हता, म्हणून मी त्याला पायाला धरून उलटा करून पाठीत चापट मारली होती. आणखी दोन मारायला पाहिजे होत्या, एवढंच तेव्हा मनात आलं. पण पुरचुंडी माझीच होती. सुरेखानं कुणालाच बोल लावला नाही. तिनं आत जाऊन आचाऱ्याकडून उरलेला कच्चा मासा मागून घेतला, डब्यात भरला आणि फाट्यावर रिक्षाची वाट बघत उभी राहिली.

सुग्रीव आमच्याबरोबर आला नाही. तो चालत आला, आणि त्याची वाट पारावरून होती. पारावर मुकादम बसलेला. दोघांत काय बोलणं झालं ते कुणी ऐकलं नाही. आम्हाला कळलं दुसऱ्या दिवशी, हापशावर. तिथं मुकादमाची बायको रतनबाई पाणी भरत होती. ती सुरेखाला सहज म्हणाली की बरं झालं बाई, तुमीबी जाताय म्हणे औंदा, आमचे मालक नाव लिहून बसलेत. सुरेखाची घागर भरून वाहायला लागली तरी तिचं हापसणं थांबेना. मीच तिचा हात धरला.

घरी येऊन ती नवऱ्याशी भांडली असती तर मला ऐकू आलं असतं. माझी भिंत पातळ आहे. चार दिवस त्या घरात भांड्याला भांडं लागलं नाही. सुग्रीवनं कोयत्याला धार लावली, अंथरुणं बांधली, तवा-परात पोत्यात भरली. अकरा वर्षांची सवय. कोण काय बोललं यापेक्षा पारावर आपल्याला हसतात, हे त्याला जास्त लागलं होतं. तिकडं फडात कुणी हसत नाही. तिथं सगळे सारखेच.

लॉरी सकाळी आली. तिच्यात अर्धं गाव आधीच चढलेलं. माणसं, पोरं, शेळ्या, कोंबड्या, वर बांधलेल्या बाजा. सुग्रीव डोक्यावर अंथरूण घेऊन चढला. सुरेखा अंगणात धुणं वाळत घालत होती. तार तोडली होती, म्हणून कोठीवरच एकेक कपडा पसरत होती. मुकादम दारात आला आणि गाडी थांबलीय म्हणाला.

"थांबू द्या," सुरेखा म्हणाली. "न्हाई तर जाऊ द्या."

"तुझ्या नवऱ्यानं शब्द दिलाय."

"मग त्याला न्या की. मी कुटं दिलाय?"

"सुरेखा, अर्धा कोयता मी नेत नसतो. जोडी पायजे."

सुरेखानं झटकलेलं लुगडं नीट पसरलं आणि पायानं तो स्टीलचा डबा पुढं सरकवला. "ही घ्या जोडी. महिनाभर ह्यांच्यासंगं हाय. दिसभर धुमसतीय आन् तोंडातून शब्द काढत न्हाई. मुकादमाला अशीच लागती ना?"

लॉरीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. बाप्यांनी इकडंतिकडं बघितलं. सुग्रीव वरून म्हणाला, हळूच, "सुरेखा, इथं राहून खायाचं काय?"

"ते मी बघन. मला संक्रांत घरी करायची हाय, ते तुमाला पोळ्याला सांगितलं. तवा तुमी पाला टाकत व्हतात."

सुग्रीव उठला. एक पाय लॉरीच्या फळीवर, एक चाकावर, असा लोंबकळत राहिला. पुढंही जाईना, खालीही येईना. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. शेवटी मुकादमानंच वर हात घालून त्याचं अंथरूण ओढलं आणि अंगणात फेकलं, कारण अर्धा कोयता घेऊन कारखान्यावर गेलं तर त्याचंच हसं झालं असतं. आपण बायकोच्या शब्दासाठी खाली उडी मारली असं सुग्रीव आता सांगतो. मी समोर उभी होते. त्याला उतरवला.

लॉरी गेली आणि गाव रिकामं झालं. सुग्रीव दोन दिवस बाजेवर पडून राहिला. तिसऱ्या दिवशी सुरेखा फाट्यावर गेली आणि डोक्यावर पोतं घेऊन आली. फाट्यावर बारमाही रसवंती आहे. रस काढून उरलेली उसाची चिपाडं तिथं ढिगानं वाळत पडलेली असतात. तिनं ती कुऱ्हाडीनं बारीक केली, कांडपाच्या उखळात कुटली, आणि डब्यात दाबून भरली. मी विचारलं हे काय. ती म्हणाली की कोपीपुढच्या चुलीत अकरा वर्षं उसाशिवाय दुसरं काय जाळलं. त्याच्यावर भाजलेलं काहीच कडू लागत नाही, उलट भाकरीला गोडसर वास येतो.

धुराची भाषा महिनाभर चालली होती. सुतार झाला, पार झाला, मुकादम झाला, मी झाले. जिच्या नाकात अकरा वर्षं धूर गेला तिला सरपण कोणतं घालावं हे एकानंही विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही, आणि मी तर तिची माय म्हणवते.

या वेळी तिनं चाखायला गल्लीतलं कुणी घेतलं नाही. बस थांबवून तिनं नेकनूरच्या कंडक्टरला तुकडा दिला, रसवंतीवाल्याला दिला, धरणावरच्या भोयाला दिला. ज्यांची नाकं शाबूत होती त्यांनाच. मग हॉटेलात जाऊन आचाऱ्याच्या हातावर डबा ठेवला आणि मालकाला काही सांगू नको म्हणाली. मोहनरावांनी दुपारी दोन तुकडे खाल्ले, तिसरा मागितला, आणि मासा कुणाचा हे कळल्यावर थोडा वेळ रागावून बसले. रागात चौथा खाल्ला. आता ते आठवड्यातून तीन दिवस मासा घेतात. फळ्यावर त्याचं नाव लिहिलंय, मोहनराव स्पेशल. काचेचं झाकण काढून टाकलंय. त्याखाली त्यांच्या घरी मांजराची पिल्लं ठेवतात असं आचारी सांगतो, खरंखोटं तोच जाणे. सुग्रीव मशीन चालवतो, मासा साफ करतो, आणि पारावर उरलेल्या तीन म्हाताऱ्यांना चिपाडाची कल्पना आपल्याला झोपेत सुचली असं सांगतो. म्हातारे ऐकून घेतात. त्यांनाही दुसरं कुणी बोलायला नाही.

संक्रांत आली. सुरेखानं घर सारवलं, फरशी असून सारवलं. देवळीत सुगडं मांडली. वाणाला चहाच्या गाळण्या आणल्या, एकवीस. सकाळी कुंकवाचा करंडा घेऊन ती आमंत्रणाला निघाली आणि तासाभरात परत आली. खालच्या आळीत सगळ्या दारांना कुलपं. मधल्या आळीत कुलपं. देवळामागं दोन दारं उघडी, त्यांत एकात आंधळा सासरा आणि दुसऱ्यात कोंबड्या. तिच्या बरोबरीच्या सगळ्या सवाष्णी लॉरीत बसून गेल्या होत्या आणि तिकडं कुठं तरी पाचटाच्या कोपीपुढं तीळगूळ वाटत होत्या. अकरा वर्षं ती ज्यांच्यात होती, त्यांतली एकही गावात नव्हती. हे तिला तोवर सुचलंच नव्हतं. मलाही नाही.

सहाच्या सुमाराला पाच बायका आल्या, तोडीला न जाणाऱ्या वरच्या आळीतल्या. पहिली आली रतनबाई, मुकादमाची. जरीचं पातळ, नाकात नथ. सतरंजीवर बसून तिनं खोलीभर नजर फिरवली आणि हसली.

"मी बारा वर्सं असंच करते," ती सुरेखाला म्हणाली. "आमचे मालक गावातल्या समद्या बाया गाडीत घालून नेतात आन् मला फोनवर म्हंतात, हळदीकुंकू थाटात कर."

सुरेखानं तिला हळदीकुंकू लावलं, वाण दिलं. मग बाकीच्या चौघींना. सोळा गाळण्या ताटात राहिल्या. ती ताट घेऊन माझ्या दारात आली. मी उंबऱ्यावर बसले होते. माझे मालक गेल्याला बावीस वर्षं झाली, तेव्हापासून संक्रांतीला मी उंबऱ्यावरच असते. मी तिला म्हटलं, मला असलं लावत नसतात.

ती म्हणाली, "मग गावात राहिलंय कोन, माय?"

ती उत्तराला थांबली नाही. माझ्या कपाळाला थंड बोट लागलं. तिनं माझ्या हाताला धरून मला आत नेलं. रतनबाईनं माझ्याकडं बघितलं, माझ्या कपाळाकडं बघितलं, आणि मला वाटलं आता ही उठून जाईल. ती नथ सावरत सरकली आणि सतरंजीवर जागा केली. मग सुरेखानं मलाच पाठवलं, आणि मी गावातल्या आणखी सहा म्हाताऱ्या विधवा गोळा करून आणल्या. दोघी येईनात, त्यांना मी ओढून आणलं. एक वाटभर लाजत होती, नवरीसारखी.

तरी नऊ गाळण्या उरल्या. उन्हाळ्यात बायका परत आल्या की देईन, असं सुरेखा म्हणाली. रतनबाई म्हणाली, त्या येऊन अंग टेकवतात न टेकवतात तोवर पुढच्या लॉऱ्यांचं बोलणं सुरू होतं, तू आपली आल्या आल्या देऊन टाक.

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल वाजली. मोहनरावांचा माणूस उद्याचा मासा न्यायला आला होता. सुग्रीव ओट्यावर एकटाच बसलेला. बाप्यांना आत यायला बंदी होती. घरात बायका बसल्यात, आज डबा पेटलेला नाही, परवा या, असं सांगून त्यानं त्या माणसाला आल्या पावली परत लावलं. हे त्यानं बायकोला न विचारता केलं. त्याच्या हुशारीची एवढीच एक गोष्ट माझ्या बघण्यात आहे.